आधी गावाचा नकाशा, मग बोअरची गाडी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शेतकरी बंधू-भगिनींनो, सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांनो, सोसायटीच्या संचालकांनो, आणि शिकून गावी परतलेल्या मुलामुलींनो,

एक विनंती करायची आहे. यंदा गावात नवीन बोअर मारण्याआधी, डोंगरावर जेसीबी चढवण्याआधी, ओढ्यावर आणखी एक बंधारा घालण्याआधी आपल्या शिवाराचा एक नकाशा तयार करा. तो गावाने स्वतः करावा, शिवार पायी फिरून करावा, आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा लावावा. त्यासाठी लागणारी उपग्रहाची चित्रे आज फुकट मिळतात. नकाशे जोडण्याचे क्यूजीआयएससारखे सॉफ्टवेअर फुकट आहे. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ २००९ पासून सुरू आहे, आणि गट नंबरांचा गावनकाशा सरकारच्या ‘महाभूनकाशा’वर पाहता येतो. संगणकाची बाजू बारावी झालेली मुलगी काही दिवसांत शिकते. आपले घोडे अडते ते एकत्र बसण्यापाशी.

आपल्या दोन जिल्ह्यांना नकाशाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला ५०० मिलिमीटरच्या आसपास. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली, आणि त्याच दिवसांत जत-आटपाडीकडे टँकर चालू होते. एका जिल्ह्यात एकाच आठवड्यात माणसे पाण्यात अडकतात आणि पाण्यावाचूनही अडकतात. अशा ठिकाणी ‘प्रत्येक गावात अमुक इतके बंधारे’ या हिशेबाने काम होत नाही. शेजारच्या गावाला जे लागू पडले ते आपल्याला लागू पडेल याचीही खात्री नसते. आपल्या शिवाराचा उतार, माती, खडक आणि पाणी आपल्यालाच समोर मांडून बघावे लागते.

बोअरपासून सुरुवात करतो, कारण पैसा सगळ्यात जास्त तिथेच मातीत जातो.

आपल्या पायाखाली जवळजवळ सगळीकडे काळा बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक बसले. एखादा थर मुरमाड, भेगाळ. त्याखालचा अखंड, घट्ट. पाणी धरते ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. घट्ट कातळात ओल नाही, तो कितीही फूट फोडला तरी. पावसाचे पाणी दरवर्षी मुरते ते मुख्यतः वरच्या थरांत. खूप खोलवर लागलेले पाणी वर्षानुवर्षांचे साठलेले असते आणि एका पावसाळ्यात ते भरून येत नाही. म्हणूनच महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आहे.

आता आपण काय करतो ते पाहा. एकाने बोअर मारला, फेल गेला. तो गप्प बसतो. दोन वर्षांनी शेजारी तिथून पन्नास पावलांवर मारतो, तोही फेल. कर्ज दोघांचे, आणि दोघांनाही जमिनीखाली काय आहे ते कळलेले असूनही गावाला कळत नाही. माण, खटाव, खानापूर, कवठेमहांकाळ, कुठल्याही गावात फेल बोअर मोजायला बसा. त्यावर गेलेल्या पैशांतून गावाच्या भूगर्भाची माहिती विकत घेतली गेली आहे, फक्त ती कुणी लिहून ठेवलेली नाही. माझे पहिले मागणे हेच आहे की गावातला प्रत्येक बोअर नकाशावर घ्या, चालू असलेला आणि फेल गेलेलाही. गट नंबर, किती फूट, पाणी किती फुटांवर लागले, काळा कातळ कुठून सुरू झाला, मध्ये गेरूसारखा तांबडा थर लागला का. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याला आणि मालकाला हे बहुधा आठवत असते. फेल बोअर लाल ठिपक्याने दाखवा. ठिपके पन्नासच्या वर गेले की नकाशा बोलू लागतो, लाल ठिपक्यांचे पट्टे दिसू लागतात. त्या पट्ट्यात पुढचा बोअर मारायला निघालेल्या भावाला हात धरून थांबवता येईल. पाणाड्याच्या नारळावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण त्याआधी हा नकाशा जरूर पाहावा.

विहिरींचे तसेच. प्रत्येक विहिरीतील पाण्याची पातळी दिवाळीत एकदा आणि अक्षय्य तृतीयेला एकदा, दोरीला दगड बांधून मोजली तरी चालते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून हेच काम करते. तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. पण तिच्या वाट्याला अख्खा महाराष्ट्र आहे, आपल्या गावात तिची एखादीच विहीर असेल किंवा नसेलही. अटल भूजल योजनेत सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे होते. ज्या गावांत त्या योजनेतून पाण्याचा ताळेबंद झाला, तिथले कागद ग्रामपंचायतीत आहेत. ते बासनातून बाहेर काढा. निम्मे काम आधीच झालेले सापडेल.

उपग्रहाचे चित्र म्हणजे नेमके काय, हेही समजून घ्या, म्हणजे कुणी भलत्या गोष्टी सांगून फसवणार नाही. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून फिरत आहेत. दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी आपल्या शिवारावरून जातात आणि त्यांची चित्रे कुणालाही मोफत मिळतात. त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर बाय दहा मीटर, शंभर चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक ठिपका जवळजवळ एक गुंठा. चाळीस ठिपके म्हणजे एकर. हिरवे, निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंतील फरकावरून पीक कुठे जोमात आहे आणि कुठे पिवळे पडले आहे ते गुंठ्यागणिक ओळखता येते. मात्र पंधरा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यात काठाचे ठिपके शेजाऱ्याच्या पिकात मिसळतात, आणि जून ते सप्टेंबर ढगांमुळे बरीचशी चित्रे वाया जातात. डिसेंबर ते मार्च हा आपल्याकडे चित्रे पाहण्याचा चांगला काळ. पीक पिवळे का पडले, हुमणी लागली की पाणी तुंबले, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी वावरात जाऊन मुळी उपटूनच पाहावी लागते. एकरी वर्गणी घेऊन अशी चित्रे मोबाइलवर देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदाराला त्यांचा उपयोग होत असेल तर त्याने जरूर घ्यावा, पण गावाचा मूळ नकाशा तयार नसताना पदरचे पैसे तिथे घालण्याची घाई करू नये.

पाणलोटाच्या कामात नकाशाने काय होते ते आपल्याच जिल्ह्यांतील गावांनी दाखवले आहे. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातील फक्त तीन तालुक्यांत झाली. त्यांतला एक कोरेगाव होता, आणि त्या तालुक्यातील वेळू गाव पहिले आले. २०१८ मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक घेतला. या गावांनी श्रमदान केले हे सगळ्यांना आठवते. त्याआधी प्रशिक्षण होते, शिवारफेरी होती, माथ्यापासून पायथ्यापर्यंत उपचार कुठे कोणता करायचा याची आखणी होती, हे मात्र विसरले जाते. नुसत्या घामाने पाणी अडत नाही. चर समपातळीत नसेल तर एका टोकाला पाणी साठते, तिथून फुटते आणि खालची माती घेऊन ओढ्यात जाते. असे फुटलेले चर आपल्याकडे डोंगराडोंगरांवर दिसतात, आणि ज्यांनी ते खोदले त्यांच्या कष्टांचे मला फार वाईट वाटते.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी नकाशावर समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या उंचीने असतात. त्यावरून कोणता डोंगर कुणाच्या ओढ्याला पाणी देतो, पाणलोटाची कड कुठून जाते, हे छान समजते. पण चराची रेघ त्यावरून मारता येत नाही. ती जमिनीवरच, समपातळी दाखवणाऱ्या ए-फ्रेमने नाहीतर हायड्रोमार्करने, पावलापावलाला आखावी लागते. आकाशातून जागा निवडावी आणि जमिनीवर रेघ मारावी, एवढा क्रम लक्षात ठेवला तरी बरीच डिझेलची नासाडी वाचेल.

नकाशावर माथा आणि पायथा एकत्र दिसू लागले की एक अवघड गोष्टही समोर येते. चर पडतो वरच्याच्या जमिनीत, आणि विहीर भरते खालच्याची. वरचा शेतकरी बहुधा हलक्या, बरड जमिनीचा, गरीब. काही ठिकाणी वरची जमीन गायरान असते आणि तिथे शेळ्या चारणाऱ्या घरांचा चारा चरांमुळे काही काळ बंद होतो. यांचे नुकसान कसे भरून द्यायचे ते काम सुरू होण्याआधी ठरवा. खानापूर तालुक्यात येरळेवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधले, तेव्हा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्यात सारखा वाटा देण्याचे तत्त्व त्यांनी धरले होते. संगणक नसताना, उपग्रहाचे चित्र नसताना त्यांनी वाटपाचा विचार आधी केला. आपल्या हातात आज साधने आहेत, तर तेवढा विचार तरी आपणही करावा.

आता कृष्णाकाठाकडे वळतो. तिथे दुखणे उलटे आहे.

मिरज, पलूस, वाळवा भागात खोल काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे ऊस आणि पाटाने मोकळे पाणी दिल्याने जमिनी पाणथळ झाल्या, आणि पाण्याबरोबर वर आलेले क्षार उन्हाळ्यात पांढरे होऊन पृष्ठभागावर बसले. ज्या रानात आजोबांनी सोन्यासारखे पीक काढले तिथे आज लव्हाळा उगवतो. यावर उपाय आहे. जमिनीत चार-पाच फूट खोल सच्छिद्र पाइप टाकून खारे पाणी बाहेर काढण्याची पद्धत सिद्ध झालेली आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या जमिनींवर काम झाले आहे, आणि शेजारच्या शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून क्षारपड जमिनी सुधारण्याचे मोठे काम हाती घेतले. पण पाइपातले पाणी जाणार कुठे? त्याला पाइपाहून खोल असलेला नाला लागतो. एकट्याच्या दोन एकरांत हे होत नाही. वरच्या दहा जणांचे पाणी खालच्या पाच जणांच्या रानातून पुढे न्यावे लागते.

इथे जुना गावनकाशा कामाला येतो. त्यावर ओढे, ओघळी, नाले जसे होते तसे आखलेले आहेत. तो संगणकावर आजच्या उपग्रह-चित्रावर बसवा. विहीर, देऊळ, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, अशा न हलणाऱ्या खुणा जुळवल्या की तो बसतो. मग बघा, जुना नाला कुठून जात होता आणि आज तिथे काय आहे. बऱ्याच ठिकाणी तिथे उसाची सरी दिसेल. दोन-चार गुंठ्यांच्या लोभाने, कधी वाटणीच्या अडचणीने नाला बुजला आणि वरचे चाळीस एकर रान खारे झाले. ज्यांच्या बापजाद्यांनी नाला बुजवला त्यांना आज गावासमोर उभे करू नका, त्याने फक्त वैर वाढेल. नाला मोकळा करताना त्यांचे जे क्षेत्र जाईल त्याची भरपाई लाभ होणाऱ्यांनी वर्गणीतून करावी. वरचे चाळीस एकर पुन्हा पिकू लागले तर ती रक्कम जड वाटणार नाही.

शेजारी-शेजारी ठेवायला मार्च-एप्रिलची तीन-चार वर्षांची चित्रे काढा. क्षाराचे पांढरे डाग कोणत्या दिशेने सरकत आहेत ते दिसेल, आणि माती परीक्षणासाठी नमुने कुठून घ्यायचे तेही ठरेल. परीक्षणाशिवाय जिप्सम मात्र टाकू नका. ते चोपण जमिनीला लागते. नुसत्या खारवट जमिनीला निचरा लागतो, आणि निचऱ्यावाचून टाकलेले जिप्सम म्हणजे वाया गेलेला पैसा.

आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत भागातल्या भावांनी हा कृष्णाकाठचा भाग दोनदा वाचावा अशी माझी इच्छा आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे पाणी तुमच्याकडे आले, येत आहे. त्यासाठी तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, मोर्चे काढले. ते पाणी कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उचलून, वीज जाळून तुमच्या बांधावर येते. थोडा हिशेब करा. उसाला ठोकळमानाने वर्षाला २,००० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एकरी सुमारे ८० लाख लिटर. तुमच्याकडे पाऊस ५०० मिलिमीटर. आभाळातून पडलेला थेंबन्‌थेंब धरला तरी एका एकर उसाला चार एकरांचा पाऊस लागतो. उरलेले सगळे उचललेल्या पाण्यातून. हजार हेक्टरच्या गावात ५०० मिलिमीटर पावसाने ५०० कोटी लिटर पाणी पडते, आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण त्यातले बरेचसे वाफ होऊन आणि वाहून जाते. असा पाण्याचा ताळेबंद आपल्या गावासाठी मांडायला पिकांचे क्षेत्र माहीत लागते, आणि ते ई-पीक पाहणीच्या नोंदींतून कळते. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपण त्या नोंदी मोबाइलवरून स्वतः करतो. त्या खऱ्या करा. जागेवर न जाता दुसऱ्याच्या रानाचा फोटो टाकून केलेली नोंद गावाचा ताळेबंद बिघडवते, आणि विम्याच्या वेळी तीच आपल्या अंगाशी येते.

पूररेषेचे थोडक्यात सांगतो. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आकडे पावसाळ्यात सगळे ऐकतात. पण आपल्या गावाचा रस्ता आयर्विनला किती फूट झाले की बंद होतो, हे किती गावांत लिहून ठेवले आहे? २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी कुठपर्यंत आले होते ते वडीलधाऱ्यांना विचारून भिंतींवर खूण करा, त्या खुणा नकाशावर घ्या, आणि कोणता रस्ता किती फुटांना बुडतो, जनावरे कोणत्या उंचवट्यावर न्यायची, हे त्यावर लिहा. ब्रह्मनाळला २०१९ मध्ये पुरातून लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसे गेली. पाणी चढण्याआधी, रस्ता चालू असतानाच निघायचे कधी हे ज्या गावाला माहीत असते, तिथे बोटीची पाळी कमी लोकांवर येते.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. मोबाइलच्या जीपीएसमध्ये मोकळ्या आकाशाखालीही तीन ते पाच मीटरचा फरक पडतो, आणि जुना गावनकाशा चित्रावर बसवताना त्याहून जास्त सरकतो. आपली भांडणे दीड फुटाच्या बांधाची असतात. तेव्हा गावाच्या नकाशावर ठळक अक्षरांत लिहा, ‘हा नकाशा हद्दीसाठी नाही’. बांधाचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. नकाशाचा एकदा भावकीच्या भांडणात उपयोग झाला की तो भिंतीवरून फाडला जाईल आणि पुन्हा कुणी काढू देणार नाही.

आणि शिवारफेरीला बायकांना बोलवा. उन्हाळ्यात कोणता झरा शेवटी आटतो, कोणत्या विहिरीचे पाणी मचूळ झाले, सरपणाला पूर्वी कुठे जावे लागे आणि आता कुठे, हे त्यांना जितके माहीत असते तितके कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. मेंढपाळांनाही विचारा, माथ्यावरच्या पायवाटा त्यांच्या पायाखालच्या आहेत.

सातारा, कराड, विटा, सांगली, इस्लामपूरच्या महाविद्यालयांतील भूगोलाच्या आणि अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी नेटवरचे ठरावीक विषय देऊ नका. प्रत्येक गटाला एक गाव द्या. गुण देताना नकाशा किती सुंदर छापला ते न पाहता गावाच्या ग्रामसभेत तो मांडला का, आणि गावकऱ्यांनी त्यात काय दुरुस्त्या सुचवल्या, ते पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात ज्या संस्थेचा पाया घातला, तिच्या शाळा-महाविद्यालयांत आज बहुजनांच्या घरची हजारो मुले शिकतात. त्यांच्याच आईवडिलांचे हे शिवार आहे.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. यांतल्या येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. नकाशाचे काम करणाऱ्या पाच-सहा जणांची नावे ठरावातच लिहा, त्यात किमान दोन महिला आणि एक भूमिहीन घरातील माणूस असू द्या. विहिरींची पहिली मोजणी कुठल्या तारखेला होणार ते लिहा. फेल बोअरची माहिती देणाऱ्याला कुणी हसणार नाही, हेही तोंडी का होईना, सरपंचांनी सभेत सांगावे. छपाईला आणि चहाला लागणारा खर्च ग्रामपंचायतीने करावा. आणि नकाशा पुरा होईपर्यंत गावात नव्या बोअरला थांबायची विनंती करावी, पिण्याच्या पाण्याचा अपवाद सोडून.